नाशिकमधलं पेट-सीटी: एका केंद्राचा अनुभव, आणि त्या चित्रात जे अजून दिसत नाही त्याबद्दल

मुंबई नाक्याजवळच्या एका केंद्रात माझ्या मोठ्या भावाचं पेट-सीटी स्कॅन (शरीरात कुठल्या पेशी जास्त साखर खाताहेत ते दाखवणारी तपासणी) करून घेतलं, त्याबद्दल हे लिहिते आहे. केंद्राचं नाव देत नाही. याच लेखात आधीच्या दुसऱ्या केंद्राबद्दल तक्रार आहे आणि आपल्या गावात एकाचं नाव घेतलं की दुसरं कुठलं ते लोक लगेच ताडतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे पार्किंग आणि एसीपेक्षा पेशींबद्दलच जास्त लिहिलं जाईल, पण कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांना खरी गरज त्याच माहितीची असते असं मला मनापासून वाटतं.

दादाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. त्याला मोठ्या पेशींचा बी-सेल लिम्फोमा, म्हणजे बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर, झाला, केमो झाल्या, आणि शेवटच्या केमोनंतर दीड-दोन महिन्यांनी ‘आजार गेला का’ हे बघायला हे स्कॅन होतं.

आधी वेळेबद्दल, कारण या तपासणीत सगळं वेळेवर चालतं. शिरेतून जे टोचतात ते एफडीजी. ग्लुकोजसारखाच रेणू, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं. फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे दर तेवढ्या वेळात ते निम्मं होतं. ते सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात बनवायचं आणि लगोलग वापरायचं. या केंद्राचा डोस पहाटे मुंबईहून शिशाच्या डब्यातून गाडीने येतो. वाटेत पावणेचार तास गेले तर निघताना होता त्याचा चौथा हिस्सा उरतो, म्हणून तिकडूनच हिशोबाने जास्त भरून देतात. कसारा घाटात एखादा कंटेनर आडवा झाला की इथली सगळी यादी कोलमडायची. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून हा ताप कमी झाल्याचं तिथल्या तंत्रज्ञाने सांगितलं.

आमच्या दिवशी गाडीच उशिरा निघाली होती. उजाडायच्या आत वहिनीच्या फोनवर केंद्रातून फोन: “काकांना आठऐवजी दहाला आणा. उपास लांबेल, पण पाणी भरपूर प्यायला सांगा. साधं पाणी, बाकी काही नाही.” या एका फोनसाठी मी या केंद्राला पूर्ण गुण देईन. आधीच्या केंद्रात मधुमेह असलेली, रात्रीपासून उपाशी माणसं दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवली होती आणि काउंटरवरचं कुणी तोंडातून कारणही काढत नव्हतं.

तयारीच्या सूचना इथे मराठीत छापलेल्या मिळतात आणि त्या वाचूनही दाखवतात. दादाला मधुमेह आहे. डॉक्टरांना विचारून मेटफॉर्मिन दोन दिवस आधी थांबवायला सांगितलं, कारण त्या गोळीमुळे आतडी एफडीजी ओढून घेतात आणि पोटातलं काही नीट दिसत नाही. आदल्या दिवशी जड काम करायचं नाही असंही बजावलं. दादाला त्यांनी फार छान समजावलं: “काका, उद्या फवारणीचा पंप पाठीवर घेतलात तर खांद्याचे स्नायूच साखर खाऊन बसतील, आणि आम्हाला खांदे पेटलेले दिसतील.” गेल्या गेल्या बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. २००च्या वर असती तर परत पाठवणार होते. दादाची १४८ निघाली.

सुई टोचल्यावर तासभर एका मंद उजेडाच्या खोलीत निजवून ठेवतात. बोलायचं नाही, मोबाइल नाही, सुपारी चघळायची नाही. जबड्याचे आणि घशाचे स्नायू हलले की तिथेही साखर जाते. आम्ही गेलो ते डिसेंबरात, आणि निफाडची थंडी काय असते ते नाशिककरांना सांगायला नको. दादाला त्यांनी दोन ब्लँकेटं दिली. गारठा लागला की मानेभोवतीची तपकिरी चरबी उष्णता तयार करायला साखर जाळू लागते आणि नेमक्या लिम्फोमाच्या गाठी जिथे असतात तिथेच खोटे ठिपके उमटतात. ब्लँकेट देताना परिचारिकेने हे कारण सांगितलं. मला तिचं फार कौतुक वाटलं. बहुतेक ठिकाणी ‘पांघरून घ्या’ एवढंच सांगतात.

प्रत्यक्ष स्कॅन वीसेक मिनिटांचं. हात डोक्यावर ताणून पडून राहायचं, खांदा दुखणाऱ्याला तेवढंच जड जातं. सुटताना संध्याकाळपर्यंत लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून लांब राहायची सूचना होती. दादाची नात अडीच वर्षांची आहे, म्हणून त्याला सरळ माझ्याकडे गंगापूर रोडला आणलं. पैसे साडेतेरा हजार भरले, पावती पक्की मिळाली. तपासणीआधी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना भिंतीवर लावलेला दिसला. तो कुठल्याही केंद्रात नजर टाकून बघावा.

आता रिपोर्ट. उपचार निम्म्यावर असताना दादाचं एक स्कॅन त्या दुसऱ्या केंद्रात झालं होतं. त्यात छातीच्या मधोमध एका गाठीत एफडीजी साठलेलं दिसलं आणि रिपोर्टमध्ये ‘उरलेला आजार असण्याची शक्यता’ असं एक वाक्य लिहून मोकळे झाले. लिम्फोमात निकाल डोव्हिल मोजपट्टीवर १ ते ५ असा द्यायची पद्धत आहे. २००९मध्ये फ्रान्समधल्या डोव्हिल गावात तज्ज्ञांनी ती ठरवली. गाठीतली चमक छातीतल्या रक्ताच्या आणि यकृताच्या चमकेशी ताडून बघायची. यकृताइतकी किंवा कमी असेल तर ३ पर्यंत, त्याहून जास्त तर ४ किंवा ५. त्या रिपोर्टमध्ये हा आकडाच नव्हता. पुढचे काही आठवडे घरात कुणी धड जेवलं नाही. दादाने छाटणीचे मजूर परत पाठवले, म्हणाला, “बाग कुणासाठी करायची?” शेवटी श्वासनलिकेतून दुर्बीण घालून त्या गाठीचा तुकडा काढला. ती जुनी सूज निघाली, कॅन्सरची एकही पेशी नव्हती.

असं का होतं, हे या केंद्रातल्या न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांनी दादाला समोर बसवून सांगितलं, आणि ते मला या सगळ्या सेवेतलं सर्वात मोलाचं वाटलं. पेट-सीटीला कॅन्सर ओळखता येत नाही. कुठली पेशी भुकेली आहे एवढंच त्याला कळतं. एफडीजी ग्लुकोजच्याच दारातून पेशीत शिरतं, आतला हेक्सोकायनेज विकर त्याला फॉस्फेट जोडतो, पण पुढच्या पायरीवर ते अडकतं आणि पेशीतच राहतं. कॅन्सरची पेशी साखर अधाशासारखी खाते म्हणून ती चमकते. पण जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही तितकीच खातात. क्षयाची गाठ चमकते, लस घेतलेल्या बाजूची काख चमकते, मेंदू आणि मूत्राशय तर कायमच चमकतात. १९७६मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिल्यांदा माणसाला एफडीजी टोचलं, तेव्हापासून हे असंच आहे. क्षय घरोघरी असलेल्या आपल्या देशात हे प्रत्येक पेशंटला आधी सांगायला हवं.

दादाने विचारलं, “मग डॉक्टर, चांगली पेशी कुठली नि वाईट कुठली, हे मशीनला कधी कळणार?”

डॉक्टर म्हणाले, “पेशीने स्वतः सांगितलं तर.”

गर्दी होती, ते पुढे बोलू शकले नाहीत. पण हा विषय मी बारावीच्या मुलांना शिकवताना वर्षानुवर्षं वाचत आले आहे, म्हणून त्यांचं अर्धं राहिलेलं उत्तर इथे पुरं करते. दादासारख्या पेशंटच्या घरच्यांना त्याचा थेट संबंध आहे.

आजार उलटला तर सीएआर-टी उपचाराचा पर्याय आहे, असं मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलंय. पेशंटच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढायच्या, त्यांच्यात एक नवं जनुक घालायचं, म्हणजे त्या बी-पेशींवरचं सीडी-१९ हे प्रथिन ओळखून हल्ला करतात, मग त्या वाढवून परत शरीरात सोडायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून उभं राहिलेलं नेक्सकार-१९ हे आपलं देशी उत्पादन. त्याला ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली, आणि परदेशात कोट्यवधींत जाणारा उपचार इथे चाळीसेक लाखांच्या घरात आला. रक्कम तरीही छाती दडपवणारी आहे. आणि एवढं करून त्या पेशी शरीरात सोडल्यावर त्या गेल्या कुठे, हे नेहमीच्या तपासण्यांत दिसत नाही. रक्त काढून किती पेशी फिरताहेत ते मोजतात. पण गाठीत शिरल्या की प्लीहेतच अडकून बसल्या, हे रक्त कसं सांगणार? एफडीजी स्कॅन केलं तर गाठ चमकेल, पण तिथे कॅन्सर जेवतोय की त्याला मारणाऱ्या टी-पेशी जेवताहेत, हे त्या चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. दादाच्या गाठीने आम्हाला जे भोगायला लावलं, तोच पेच, फक्त कितीतरी महागडा.

उपाय ऐकायला सोपा आहे. टी-पेशीत एक जनुक घालतोच आहोत, तर सोबत आणखी एक घालावं, जे त्या पेशीवर ओळखीची खूण उमटवेल. अशा जनुकांना शास्त्रज्ञ रिपोर्टर जीन म्हणतात. हे माणसांत करूनही झालंय. २००९मध्ये स्टॅनफर्डच्या संजीव गंभीर यांच्या गटाने मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमाच्या एका पेशंटचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याला दिलेल्या टी-पेशींमध्ये नागीण-गटातल्या हर्पिस विषाणूचं थायमिडीन कायनेज हे जनुक घातलं होतं. त्या विकराने अडकवून ठेवावा असा खास किरणोत्सारी रेणू शिरेतून दिला आणि पेटमध्ये त्या पेशी दिसल्या. २०१७मध्ये सात पेशंटमध्ये हेच करून दाखवलं. गंभीर यांचा जन्म अंबाल्याचा. त्यांचा स्वतःचा मुलगा २०१५मध्ये याच ग्लायोब्लास्टोमाने गेला, वय १६. २०२०मध्ये ते स्वतःही कॅन्सरने गेले. मी वर्गात त्यांचं नाव घेतल्याशिवाय हा धडा संपवत नाही.

या जनुकाचा एक मोठा फायदा म्हणजे टी-पेशी अंगावर उलटल्या तर गॅनसायक्लोव्हिर हे औषध देऊन त्या मारता येतात. खूणही तीच आणि लगामही तोच. दोष हा की प्रथिन विषाणूचं, त्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती त्या पेशींनाच परकं समजून संपवू शकते. म्हणून मग माणसाच्याच प्रथिनांकडे लक्ष गेलं. थायरॉइडच्या पेशी आयोडिन आत ओढतात ते ज्या प्रथिनाच्या जोरावर, त्याचं जनुक टी-पेशीत घातलं तर तीही आयोडिन ओढेल आणि स्कॅनमध्ये दिसेल. किंवा प्रोस्टेटच्या पेशींवर आढळणारं पीएसएमए हे प्रथिन वापरायचं.

इथे मला या केंद्राच्या काउंटरवरचं दरपत्रक आठवलं. त्यावर एफडीजीच्या खाली ‘पीएसएमए स्कॅन’ लिहिलंय, प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटसाठी. त्यासाठी गॅलियम-६८ लागतं. त्याचं अर्धायुष्य अवघं ६८ मिनिटं, ते मुंबईहून आणण्यात अर्थ नाही, म्हणून ते केंद्रातल्याच जनरेटरमधून (विजेचा नव्हे, गॅलियम तयार करून देणारं छोटं उपकरण) काढतात आणि हे स्कॅन ठरलेल्या वारीच करतात. आता विचार करा. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१९मध्ये सीडी-१९वर हल्ला करणाऱ्या सीएआर-टी पेशींवरच पीएसएमए बसवलं आणि उंदरांमध्ये त्या पेशी पेटवर पाहिल्या. अशा खुणेच्या पेशी उद्या एखाद्या पेशंटला मिळाल्या तर त्या कुठे पोचल्या हे बघायची साधनं मुंबई नाक्याजवळच्या या केंद्राच्या तळघरात आजच मांडून ठेवलेली आहेत. यंत्र तेच, रेणू त्याच जातीचा, तंत्रज्ञही तोच. वाट बघायची आहे ती पेशीची.

आणि ती वाट लांबची आहे, हेही स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर कुणीतरी हे वाचून काउंटरवर चौकशी करेल. आज कुठल्याही केंद्रात ही सेवा मिळत नाही. टी-पेशीत जनुकं नेणाऱ्या विषाणूची ओझं वाहायची क्षमता मर्यादित असते, प्रत्येक जादा जनुकाची सुरक्षितता नव्याने सिद्ध करावी लागते, मंजुरी नव्याने घ्यावी लागते. खर्च वाढतो तो वेगळाच.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आशा वाटते ती सोनोग्राफीच्या वाटेची. गोदावरीच्या संथ पाण्यावर उन्हाळ्यात हिरवी साय येते, तिच्यात सायनोबॅक्टेरिया असतात. त्यांच्यातल्या कित्येक जाती पेशीच्या आत वायूने भरलेल्या प्रथिनांच्या पोकळ कुप्या बांधतात आणि त्यांच्या जोरावर उजेडाकडे तरंगत येतात. कुपीची भिंत फक्त २ नॅनोमीटर जाड. मी मुलांकडून एक जुना प्रयोग करून घेते. क्लेबान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५मध्ये तो केला होता. जाड बाटली त्या पाण्याने काठोकाठ भरायची, बूच घट्ट लावायचं आणि बुचावर हातोडीचा एक ठोका द्यायचा. दाबाने कुप्या फुटतात, पाण्याचा दुधट हिरवेपणा जाऊन ते पारदर्शक व्हायला लागतं आणि तरंगणारं सगळं हळूहळू तळाला बसतं. मुलं प्रत्येक वेळी ओरडतात.

अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेतल्या मिखाईल शापिरो यांच्या गटाने ओळखलं की वायूची कुपी ध्वनिलहरी परतवते, म्हणजे ती सोनोग्राफीत दिसायला हवी. २०१४मध्ये त्यांनी ते दाखवलं. २०१८मध्ये कुप्यांची जनुकं दुसऱ्या जिवाणूंत घालून ते जिवाणू उंदराच्या शरीरात सोनोग्राफीने पाहिले. २०१९मध्ये नऊ जनुकं मिळून माणसाच्या पेशींना प्रयोगशाळेत अशा कुप्या बांधायला लावल्या. आणि चित्र स्वच्छ करायला त्यांनी बाटलीचाच न्याय वापरला: आधी एक प्रतिमा घ्यायची, मग दाबाची लहर सोडून कुप्या फोडायच्या, पुन्हा प्रतिमा घ्यायची. दोन्हींतला फरक म्हणजे आपल्या पेशी.

मला याचं महत्त्व वाटतं ते निफाडमुळे. पेट-सीटीसाठी सायक्लोट्रॉन लागतो, शिशाचा डबा लागतो, घाट मोकळा लागतो. सोनोग्राफीचं यंत्र निफाडला आहे, सिन्नरला आहे, दिंडोरीला आहे. किरणोत्सार नाही, नातीला दूर ठेवायला नको, हवं तितक्या वेळा करता येतं. हाडाच्या आड आणि फुप्फुसात ध्वनिलहरींचं चालत नाही, नऊ जनुकांचं ओझं टी-पेशीला झेपवायचं काम बाकी आहे, हे सगळं खरं. तरीही पेशंटला खुणेच्या पेशी एकदा मुंबईत द्यायच्या आणि त्या कामावर आहेत का ते तालुक्याच्या गावी बघायचं, ही गोष्ट मला अशक्य कोटीतली वाटत नाही. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीने यात काम करावं असं फार वाटतं.

केंद्राकडे परत येते. दादाचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. लिम्फोमाच्या जुन्या सगळ्या जागांसाठी डोव्हिल २ असा आकडा स्पष्ट लिहिलेला. छातीतल्या त्या गाठीबद्दल वेगळा परिच्छेद, त्यात आधीच्या स्कॅनशी तुलना आणि तुकड्याच्या तपासणीचा उल्लेख. हे शक्य झालं कारण त्यांनी जुनी सीडी आणि पॅथॉलॉजीचा कागद आणायला आठवणीने सांगितलं होतं. सीडीवर सगळ्या मूळ प्रतिमा आहेत, नुसते छापील फोटो नव्हेत. पुढे मुंबईला दाखवायचं असेल तर हे तपासून घ्या.

तक्रारी दोन. केंद्र तळघरात आहे आणि लिफ्ट मधल्या वेळी बंद होती. केमोने खंगलेल्या माणसाला जिना उतरवणं बरोबर नाही. दुसरी, सुई टोचलेल्या पेशंटसाठी वेगळं स्वच्छतागृह एकच आहे. स्कॅनच्या आधी प्रत्येकाला मूत्राशय रिकामं करायला लावतात, तेव्हा तिथे रांग लागते आणि म्हाताऱ्या माणसांची कुचंबणा होते. दोन्ही गोष्टी मी लेखी दिल्या आहेत.

जाणार असाल तर नाव नोंदवताना तीन गोष्टी विचारा: डोस उशिरा आला तर फोन करता का, लिम्फोमा असेल तर रिपोर्टमध्ये डोव्हिलचा आकडा देता का, आणि रिपोर्ट करणारे डॉक्टर पाच मिनिटं भेटतात का. इथे तिन्हींची उत्तरं ‘हो’ मिळाली आणि तसंच झालं. गरज पडली तर पुढचं स्कॅनही इथेच करू. दादाने पिंपळगावच्या मजुरांना परत बोलावलंय, राहिलेल्या प्लॉटची छाटणी उशिरा का होईना, या आठवड्यात उरकायची आहे.